पंपाच्या बिलाला अलाइनमेंटचा कागद जोडा

पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना वाचायची आपल्याला सवय झाली आहे. पंपिंग स्टेशनमध्ये तांत्रिक बिघाड झाला आहे, दुरुस्ती युद्धपातळीवर सुरू आहे, नागरिकांनी सहकार्य करावे, एवढाच मजकूर त्यात असतो. दोन दिवसांनी नळाला पाणी येते आणि विषय मिटतो. बिघाड नेमका कशाचा होता, सहा महिन्यांपूर्वी त्याच पंपाचे तेच झाले होते का, झाले असेल तर पुन्हा का झाले, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. या बिघाडांमध्ये एक प्रकार असा आहे की तो होण्याआधी कित्येक आठवडे यंत्र स्वतःच त्याची खबर देत असते. मोटरचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नसणे, हे त्याचे मूळ. त्यावर माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून बसवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या पंप-मोटर सेटचे बिल, अलाइनमेंटचे लेखी रीडिंग आणि चालू पंपाच्या कंपनाचा आकडा जोडल्याशिवाय मंजूर होऊ नये. विषय वर्कशॉपमधला वाटेल, पण त्याचा खर्च आपण पाणीपट्टीतून भरतो, म्हणून तो वर्कशॉपच्या दाराबाहेर यायला हवा.

मोटर आणि पंप ही दोन स्वतंत्र यंत्रे एका बेसप्लेटवर समोरासमोर बसवलेली असतात आणि कपलिंगने जोडलेली असतात. यंत्र चालू असताना दोन्ही शाफ्टच्या केंद्ररेषा मिळून एकच सरळ रेषा व्हावी, एवढीच अलाइनमेंटची अपेक्षा. ती दोन तऱ्हांनी चुकते. कधी दोन्ही रेषा समांतर असतात, पण एक दुसरीपेक्षा वर, खाली किंवा बाजूला सरकलेली असते. कधी त्या एकमेकींशी कोन करतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही दोष एकत्रच सापडतात. मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांच्या पंपासाठी हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतका. चार पोलची मोटर भार घेऊन मिनिटाला साधारण १४८० फेरे घेते. चोवीस तासांत हे फेरे २१ लाखांच्या वर जातात. रेषा चुकलेली असेल तर शाफ्ट सतत किंचित वाकलेल्या अवस्थेत फिरतो, आणि त्याचा जो भाग आत्ता ताणला गेला तोच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबला जातो. एवढा बाक पोलाद हजार वेळा सहज सोसते. दिवसाला २१ लाख वेळा, महिनोन्महिने सोसताना ते थकते, आणि मग कीवेच्या खाचेच्या कोपऱ्यात बारीक तडा धरू लागतो.

शाफ्ट तुटणे ही मात्र शेवटची पायरी. तिथपर्यंत पोचण्याआधी कितीतरी बेअरिंग जातात. बॉल बेअरिंगचे आयुष्य त्यावरच्या भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्वीडनमधल्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या या सूत्राच्या आधारावरच आजही बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब केला जातो. घनाचा हा नियम फार कठोर आहे. भार २६ टक्क्यांनी वाढला की बेअरिंगचे आयुष्य निम्मे होते. दुप्पट झाला की आठव्या हिश्श्यावर येते. पंप निवडताना पाण्याचा दाब, शाफ्टचे वजन, फेऱ्यांचा वेग सगळे धरलेले असते. चुकलेल्या रेषेमुळे येणारा जादा भार मात्र कुठल्याच हिशेबात नसतो, आणि सगळा बेअरिंगवरच येतो. आता दुरुस्तीची नेहमीची रीत पाहा. बेअरिंग आवाज करू लागते, तापते, शेवटी जाते. फिटर ते काढतो, नवे बसवतो, कपलिंगवर पट्टी ठेवून नजर टाकतो आणि पंप सुरू करतो. लॉगबुकात ‘बेअरिंग बदलले’ अशी नोंद होते. ज्या रेषेने पहिले बेअरिंग खाल्ले त्याच रेषेत दुसरे बसलेले असते, म्हणून तेही तितक्याच दिवसांत जाणार. त्यासोबत मेकॅनिकल सील गळू लागते किंवा ग्लँडमधून पाण्याची धार लागते, पिन-बुश कपलिंगचे रबरी बुश झिजतात. कपलिंगच्या गार्डखाली बेसप्लेटवर रबराची काळी भुकटी साचलेली दिसली, तर रेषा चुकल्याचा तो जवळजवळ कबुलीजबाब असतो. पंपिंग स्टेशनवर ही भुकटी दर आठवड्याला झाडून काढली जाते. ती का पडते, याची नोंद मात्र लॉगबुकात क्वचितच असते.

ही चूक ओळखण्याचे शास्त्र चांगले विकसित झालेले आहे. बेअरिंगच्या घरावर कंपनमापक ठेवला की कंपनाची एकूण तीव्रता मिलिमीटर प्रति सेकंदात मिळते, आणि ते कंपन कोणकोणत्या वारंवारितांचे बनले आहे हेही पडद्यावर उलगडून दिसते. फिरणाऱ्या भागाचे वजन एका बाजूला जास्त असेल तर कंपन फेऱ्याला एकदा येते. रेषा चुकलेली असेल तर अनेकदा फेऱ्याला दोन ठोके मिळतात, म्हणजे १४८० फेऱ्यांच्या पंपात सेकंदाला सुमारे ४९. शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही कंपन वाढते, विशेषतः कोनाचा दोष असताना. आणि कपलिंगच्या अलीकडचे व पलीकडचे बेअरिंग एकाच क्षणी उलट दिशांना हलत असल्याचे आढळते. या तीन खुणा एकत्र दिसल्या की अनुभवी माणूस अलाइनमेंट तपासायला सांगतो. ढिले बोल्ट, झिजलेले बेअरिंग, पंपात पाण्याचे बुडबुडे फुटणे, या प्रत्येकाची कंपनातली तऱ्हा वेगळी असते. शंका उरलीच तर ती मिटवायलाही साधे उपाय आहेत. दोन पोलच्या मोटरमध्ये फेऱ्याला दोनदा येणारे कंपन सेकंदाला सुमारे ९९ असते आणि विजेमुळे येणारे १००, त्यामुळे दोन्हींचा घोळ होतो. अशा वेळी मापक लावून ठेवून वीज बंद करायची. विजेचे कंपन त्याच क्षणी नाहीसे होते. रेषेच्या चुकीचे कंपन पंप मंदावत जाईल तसे हळूहळू उतरते. मिनिटभराच्या या चाचणीने मोटर उघडण्याचे दोन दिवस वाचू शकतात.

मग चूक होतेच का? फिटर निष्काळजी असतात, हे सोपे उत्तर अन्यायाचे आहे. पंप जागेवर बसवताना रेषा बिघडवणाऱ्या गोष्टी कपलिंगपाशी नसतातच, त्या आजूबाजूला असतात. पहिली गोष्ट मोटरचे पाय. चार पायांपैकी एक बेसप्लेटवर नीट टेकलेला नसेल आणि तसाच बोल्ट आवळला, तर मोटरची बॉडीच पिळली जाते. तपासायची रीत सोपी आहे: डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करायचा, पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर त्याखालचे शिम दुरुस्त करायचे. प्रत्यक्षात तिथे गंजलेले पत्र्याचे तुकडे, वॉशर, कधी दोन-तीन प्रकारचे सात-आठ शिम एकावर एक रचलेले आढळतात आणि प्रत्येक आवळणीला रेषा नवी जागा घेते. दुसरी गोष्ट पाइप. पंपाचा फ्लँज आणि पाइपलाइनचा फ्लँज यांत बोटभर फट राहिली की चेन ब्लॉक लावून पाइप ओढायचा आणि बोल्ट घालायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. पाइप सरळ होत नाही, तो पंपाला आपल्याकडे ओढत राहतो. आधी अचूक जुळवलेली रेषा पाइप जोडताच जाते, आणि पाइप जोडल्यानंतर ती पुन्हा मोजायची कोणाला आठवण नसते. तिसरी गोष्ट बेसप्लेटखालचे ग्राउटिंग. ते पोकळ राहिले, तर बेसप्लेट यंत्रासोबत थरथरते आणि कोणतेच रीडिंग टिकत नाही.

चौथी गोष्ट उष्णतेची आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होते. अलाइनमेंट बंद, थंड यंत्रावर केली जाते. पंप चालतो गरम अवस्थेत. मोटरच्या फ्रेमचा आकडा ३५५ असेल तर तिच्या शाफ्टचे केंद्र पायाच्या तळापासून ३५५ मिलिमीटर उंचीवर असते. ओतीव लोखंड एका मीटरला, एका अंशाला सुमारे ११ मायक्रॉन वाढते. चालताना मोटरची बॉडी सरासरी ३० अंशांनी तापली, तर केंद्र ०.१२ मिलिमीटरच्या आसपास वर उचलले जाते. पाण्याचा पंप मात्र आतून वाहणाऱ्या पाण्यामुळे थंडच राहतो. म्हणजे थंड असताना अगदी बिनचूक जुळवलेली रेषा तासाभरात परवानगीच्या मर्यादेबाहेर जाते. जाणकार फिटर म्हणूनच मोटर मुद्दाम तेवढी खाली बसवतो, आणि पंप दोन-तीन तास चालवून पुन्हा तपासतो. साखर कारखान्यातल्या टर्बाइनच्या बाबतीत वाफेचे तापमान मोठे असल्यामुळे हे सगळ्यांना ठाऊक असते. ऑफ-सीझनच्या ओव्हरहॉलमध्ये गरम अवस्थेचा हिशेब धरून रेषा काढली जाते. महापालिकेच्या पंपाच्या बाबतीत तो हिशेब धरला होता का, हे शोधायचे तर कागदच सापडत नाही.

या मागणीवर पहिला आक्षेप कपलिंगच्या नावाने येतो. कपलिंग फ्लेक्सिबल आहे, थोडीफार चूक ते सोसते, मग एवढा काटेकोरपणा कशाला? कॅटलॉगमध्ये तर मिलिमीटरच्या आसपासची चूक चालते असे छापलेले असते. पण कॅटलॉगमधला तो आकडा कपलिंगच्या जिवाचा आहे, बेअरिंगच्या जिवाचा नाही. तेवढी चूक असतानाही कपलिंग तुटणार नाही, एवढेच उत्पादक सांगतो. रबर किंवा स्प्रिंग दर फेऱ्यात दाबली जाते तेव्हा ती परत ढकलतेही, आणि ते ढकलणे दोन्ही बाजूंच्या शाफ्टमार्फत बेअरिंगपर्यंत पोचते. कपलिंगला लवचीकता दिली आहे ती यंत्र सुरू होतानाचा झटका, गरम होण्याच्या काळातली हालचाल आणि जुळवणीतली अटळ बारीक त्रुटी यांच्यासाठी. जुळवणीच टाळायची सवलत म्हणून ती वापरली, की खर्च कपलिंगकडून बेअरिंगकडे जातो, इतकेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्यात तथ्यही आहे. अलाइनमेंटची उपकरणे विकणारे वीजबचतीची भली मोठी स्वप्ने दाखवतात. त्यांवर विश्वास ठेवून धोरण ठरवायचे का? ठरवू नये. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत कपलिंगच्या मर्यादेतल्या चुकीमुळे मोटरच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. बेअरिंगच्या आयुष्यावर मात्र परिणाम दिसला. म्हणून वीजबचतीचा मुद्दा मी या मागणीच्या समर्थनार्थ वापरत नाही. तसेच फेऱ्याला दोनदा येणारे कंपन म्हणजे नेहमीच अलाइनमेंट, असेही नसते. तडा गेलेला शाफ्टही तशीच खूण देतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रेषा खूप चुकलेली असताना कंपन कमीही असू शकते. बेअरिंग एका बाजूला इतके घट्ट दाबले जाते की यंत्र हलतच नाही, शांतपणे तापत राहते. कंपन कमी म्हणून सगळे ठीक, असे मानणारा इथे फसतो. याच कारणासाठी माझी मागणी एका आकड्याची नाही, दोन वेगळ्या मोजमापांची आहे: थांबलेल्या यंत्राची रेषा आणि चालत्या यंत्राचे कंपन. एकाने दुसऱ्याची तपासणी होते. निदानात अनिश्चितता असेल तर उपाय जास्त मोजण्याचा असतो.

कंपनाला मर्यादा ठरवण्याची सुरुवात कुठून झाली, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. टी. सी. रॅथबोन या अमेरिकी अभियंत्याने १९३९ साली यंत्रांच्या कंपनाची तीव्रता आणि त्यावरून काढायचे निष्कर्ष यांचा तक्ता प्रसिद्ध केला. तो नोकरीला होता विमा कंपनीत. यंत्र फुटले की भरपाई ज्याच्या खिशातून जाते, त्यालाच आधी आकड्यांची गरज भासली. पुढे १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले, १९९० च्या दशकात ते नव्या क्रमांकाने विस्तारले गेले आणि आता त्याची सुधारित मालिका वापरात आहे. १५ ते ३०० किलोवॅटच्या, पक्क्या पायावरच्या यंत्रांसाठी या मानकांतल्या सीमा ठळक आहेत: कंपन १.४ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर ते नव्या यंत्राला शोभणारे; २.८ पर्यंत यंत्र मुदतीच्या बंधनाशिवाय चालवायला हरकत नाही, ४.५ च्या पुढे ते यंत्राचे नुकसान करण्याइतके तीव्र मानावे. पाण्याच्या पंपांसाठी २००९ पासून वेगळा भागही आहे. आकडे तयार आहेत, जगभर वापरले जातात, आणि आपल्याकडच्या मोठ्या औष्णिक वीज केंद्रांत व रिफायनऱ्यांत रोजच्या कामात आहेत. शहरांच्या पाणीपुरवठ्यात भरपाई करणारा विमा कंपनीसारखा सावध नाही, कारण तो लाखो घरांत विखुरलेला आहे. लिफ्टची तपासणी कायद्याने होते, बॉयलरला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र लागते. शहराला पाणी देणाऱ्या पंपाला असे कोणी विचारत नाही, कारण तो बंद पडल्याने लगेच कोणाचा जीव जात नाही.

महाराष्ट्रातला पाणीपुरवठा पंपांवर किती अवलंबून आहे, ते सांगायला फार पुरावा लागू नये. भातसा नदीचे पाणी पिसे आणि पांजरापूरच्या पंपिंगमधून मुंबईकडे येते. छत्रपती संभाजीनगरचे पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून उचलून फारोळा, नक्षत्रवाडी असे वर चढवावे लागते. त्या शहरात काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे, तिथे पंप एक दिवस थांबला की वेळापत्रक पुढे ढकलले जाते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून आटपाडी, कवठेमहांकाळ, जत यांसारख्या कोरड्या तालुक्यांकडे नेतात. टप्पा म्हणजे साखळी. मधल्या एका ठिकाणचे पंप थांबले तर पुढचा सगळा कालवा थांबतो, आणि उन्हाळ्यात आठ दिवसांचा उशीर झाला तर त्याची किंमत द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत मोजली जाते. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि जिथून देशभर पंप गेले, तिथे पंप बसवण्याचे ज्ञान कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. एक बारकावा मात्र नोंदवायला हवा. जॅकवेलवर बऱ्याचदा उभे टर्बाइन पंप असतात. त्यांची मोटर वर आणि पाण्यात उतरणारा लांब शाफ्ट तुकड्यातुकड्यांनी जोडलेला. तिथे रेषेसोबत ओळंबाही बघावा लागतो आणि मोजण्याची पद्धत वेगळी असते. सबमर्सिबल पंपात तर मोटर आणि पंप कारखान्यातच एकत्र बांधलेले येतात, साइटवर जुळवायला काही नसते. एकच छापील फॉर्म सगळ्यांना लावला तर तो निरर्थक ठरेल. पंपाच्या प्रकाराप्रमाणे दोन-तीन फॉर्म करावे लागतील.

यंत्रणेतला माणूस यावर म्हणेल, की लोक हंडे घेऊन रस्त्यावर आलेले असतात, वरून फोन सुरू असतात, अशा वेळी डायल लावत कोण बसणार? त्याची अडचण खरी आहे. डायल गेजने जुळवणी नीट करायला अर्धा दिवस लागू शकतो, लेझरने त्याहून बराच कमी. पण पंप घाईने सुरू करून रेषा नंतर तपासता येते; तीन-चार दिवसांनी रात्रीच्या वेळी, मागणी उतरलेली असताना, स्टँडबाय पंप लावून हे काम करता येते. बिल तेवढे दिवस थांबले तर कोणाचे पाणी बंद होत नाही. खर्चाचे म्हणाल तर लेझरचे यंत्र लाखांत जाते, डायल गेज मात्र काही हजारांत येते, आणि ते वापरायला आयटीआयच्या दोन वर्षांच्या फिटर ट्रेडमध्ये शिकवतात. छोट्या नगरपालिकांना लेझर परवडणार नाही, त्यांनी ते विकत घेऊही नये. जिल्ह्यासाठी एक फिरते पथक ठेवले, तर दोन माणसांत अनेक नगरपालिकांचे काम भागेल. हे कौशल्य असलेल्या फिटरला आज त्याबद्दल वेगळा मान किंवा वेगळा पैसा मिळत नाही. बेअरिंग बदलणारा आणि बेअरिंग का गेले हे शोधणारा, दोघांचा दर एकच असतो. तो वेगळा असायला हवा.

उरतो सगळ्यांत निराश करणारा आक्षेप: कागद खोटे भरले जातील. काही ठिकाणी भरले जातीलही. पण इथे एक सोय आहे. भरलेला आकडा यंत्रावर कधीही पुन्हा तपासता येतो. रस्त्याच्या डांबराची जाडी तपासायला रस्ता खोदावा लागतो. पंपाचे कंपन तपासायला बेअरिंगवर मापक ठेवायचा असतो. दहा बिलांमागे एकाची अचानक, तिसऱ्याकडून तपासणी ठेवली तरी खोट्या आकड्याची भीती बसेल. मात्र आकडा घेतला आणि कोणी वाचलाच नाही, तर काय होते तेही लक्षात ठेवावे लागेल. रशियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दोन नंबरचे टर्बाइन झाकणासकट उसळून आले आणि ७५ माणसे गेली. तिथला दोष अलाइनमेंटचा नव्हता, म्हणून त्या अपघाताची पंपाशी सरळ तुलना मी करणार नाही. पण झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडपैकी जे ४९ तपासले गेले, त्यांतल्या ४१ ना थकव्याचे तडे होते, आणि त्या यंत्राच्या वाढत्या कंपनाकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, असे चौकशीत पुढे आले. मोजणारे उपकरण बसवणे आणि त्या आकड्यावर कोणीतरी सही करून जबाबदारी घेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कागदावर कनिष्ठ अभियंत्याची सही हवी, आणि कंपन मर्यादेबाहेर असतानाही पंप चालवायचा निर्णय घेतला असेल तर तो कोणी आणि का घेतला, याची ओळही हवी.

या कागदावर फार काही नको. पंपाचा क्रमांक, तारीख, मोटरचे पाय टेकल्याची तपासणी, पाइप जोडण्यापूर्वीचे आणि जोडल्यानंतरचे रेषेचे रीडिंग, उष्णतेसाठी धरलेली सूट, आणि दोन तास चालल्यानंतर चारही बेअरिंगवरचे तिन्ही दिशांचे कंपन. सगळे एका पानात बसते. शासनाने निविदेच्या नमुन्यात एक कलम घातले आणि मंजुरीच्या टिपणीत एक रकाना वाढवला, तर यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. शासन करेल तेव्हा करो, नगरसेवकाने त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. स्थायी समितीसमोर पंपदुरुस्तीचे पुढचे बिल येईल तेव्हा हे पान मागावे, आणि ते नसेल तर बिल परत पाठवावे. नागरिकांच्याही हातात साधन आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. आपल्या गावाला पाणी देणाऱ्या पंपाची गेल्या तीन वर्षांत बेअरिंग किती वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी अलाइनमेंटचे रीडिंग काय आले, हा प्रश्न दहा रुपयांचे तिकीट लावून कोणालाही विचारता येतो. तो विचारा.